धुण्याआधीची गाडी

जुन्या गाड्यांच्या यार्डात सगळ्यांच्या आधी येतो तो गाड्या धुणारा. मालक अकराच्या सुमाराला येतो, विक्रीची मुलं दहाला, आरटीओचा एजंट जेवणानंतर. हा मात्र साडेसहालाच पाइप उलगडून बसलेला असतो. पुण्याबाहेर सातारा रस्त्याच्या कडेला असलेल्या एका यार्डात मी अशा पुष्कळ सकाळी घालवल्या. धुणारा मुलगा लातूरकडचा, पंचविशीतला. पहिल्याच दिवशी हात फडक्याला पुसत तो म्हणाला, "काका, गाडी घ्यायची असेल तर मी धुवायच्या आधी बघा. नंतर काय, सगळ्या सारख्याच दिसतात."

आदल्या रात्री आलेली गाडी तो लगेच धुवायला घेत नाही. आधी चारही दारं उघडतो, मॅट उचलून बाहेर टाकतो आणि आत डोकं घालून वास घेतो. मग ड्रायव्हरची सीट शेवटपर्यंत मागे ढकलून तिच्या रुळांतून बोट फिरवतो. चिवड्याचे कण, पेन्सिलीची टोकं, केसांच्या पिना निघाल्या की घरची गाडी. बारीक पांढरी वाळू चिमूटभर असेल तर कधीतरी झालेली गोव्याची किंवा तारकर्लीची सहल. रूळ भरून असेल तर गाडी भाड्याने फिरलेली. आणि पिठासारखा मऊ, वाळलेला गाळ बोटाला लागला तर तो काही बोलत नाही. मालक आल्यावर त्याला बाजूला घेतो.

पुढच्या दोन तासांत हे सगळं व्हॅक्युमच्या नळीतून जातं. आतून ड्रायक्लीन होतं, डॅशबोर्डला चमक येते, आरशाला सुगंधाची बाटली लटकते. गिऱ्हाईक येईपर्यंत गाडीने जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं, आणि ऐकायला एकटा धुणारा हजर असतो.

म्हणून या प्रकरणात मी गाडी त्याच्या बाजूने बघणार आहे.

बाहेरून सुरुवात करू. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते, म्हणजे माणसाचे दोन केस एकमेकांवर ठेवले तर होईल तेवढी. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर तर 40-50 मायक्रॉनचाच. गाडीची चमक या थराची आणि रंगाला उन्हापासून वाचवणाराही हाच. सोसायटीत पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्याने दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा फडक्यात अडकलेली धूळ या थरावर घासली जाते. वर्षभरात त्यावर बारीक गोल ओरखड्यांची जाळी तयार होते. सावलीत ती दिसत नाही, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी उठून दिसते. यात पुसणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही. आठच्या आत सगळ्या गाड्या ऑफिसला निघायला तयार हव्यात, पाणी मोजकं आणि गाडीमागे महिन्याला मिळणारे पैसे त्याहून मोजके. प्रत्येक गाडीला वेगळं फडकं त्याने आणायचं कुठून?

विकायच्या आधी ही जाळी घालवायला रबिंग-पॉलिश करतात. रबिंग म्हणजे वरचा थर खरवडून सपाट करणं. दर वेळी त्यातले काही मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. तीन-चार मालक झालेल्या आणि दर विक्रीला घासलेल्या गाडीचा हा थर बॉनेटवर आणि टपावर आधी संपतो. मग विदर्भातल्या एका उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचंही तसंच. ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं आणि त्यावर ऊन अडवणारा पातळ लेप असतो. घासून हेडलाइट लख्ख होतो, पण उरलासुरला लेपही निघून जातो. वर नवा लेप दिला नाही तर काही महिन्यांत तो पुन्हा पिवळा पडतो आणि या वेळी आधीपेक्षा लवकर.

ठोकलेली गाडी रंगाखाली लपते. पत्रा हातोडीने जमेल तेवढा सरळ करतात, उरलेल्या खड्ड्यात लांबी भरतात, घासून वर रंग मारतात. काम चांगलं असेल तर डोळ्याला कळत नाही, बोटाच्या पेरांना कळतं. दारावर टिचकी मारत गेलं तर कोरा पत्रा 'टण' वाजतो आणि लांबी भरलेली जागा 'ठप'. यार्डातल्या मंडळींकडे आता रंगाची जाडी मोजायचं हातात मावणारं यंत्र असतं. एका दारावर 120 आणि शेजारच्या दारावर 600 आकडा आला की विषय संपला. नुसतं दार किंवा फेंडर रंगवलेलं असेल तर मी फारसं मनावर घेत नाही. आपल्या रस्त्यांवर पाच वर्षं फिरून न खरचटलेली गाडी मिळणं अवघड. बघायचे ते दारांमधले खांब, बॉनेटखालचे एप्रन आणि डिकीचा तळ. हा गाडीचा सांगाडा असतो. तिथे नवं वेल्डिंग किंवा बोल्टांवर पान्याच्या खुणा दिसल्या तर मार आतपर्यंत गेला आहे.

इंजिन धुवून घेतलेलं असेल तर मात्र थांबावं. प्रेशरच्या पाण्याने आणि डिझेलच्या फवाऱ्याने इंजिन नव्यासारखं काळंभोर दिसतं. वरची धूळ जाते तशी तेल कुठून गळतंय हे दाखवणारी ओली रेघही जाते. धुळीने माखलेलं, पण कोरडं इंजिन मला धुतलेल्या इंजिनापेक्षा कधीही जास्त भरवशाचं वाटतं. आधी बॉनेटवर हात ठेवून बघावा. कोमट लागलं तर आपण यायच्या आधी कोणीतरी गाडी सुरू केलेली आहे. रात्रभर थंड पडलेली गाडी सुरू होताना जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. तेल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर असेल तर तेलात पाणी मिसळलंय का हे मेकॅनिककडून तपासूनच पुढचं बोलणं करावं.

आता त्या गाळाकडे येतो, कारण या धंद्यातली सगळ्यात मोठी फसवणूक पाण्यातून येते.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईतल्या हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दर पुरानंतर टीव्हीवर दिसतात त्या तरंगणाऱ्या गाड्या. पुढे त्यांचं काय होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पूर ओसरला की विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दर वर्षी कमी होत जाते. गाडी चार वर्षांची होईपर्यंत नव्या किमतीतून 40 टक्के वजा झालेले असतात, पाच वर्षांची होईपर्यंत 50 टक्के. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त गेला की गाडी 'टोटल लॉस' ठरते. आयडीव्ही 4 लाख असेल तर 3 लाखांच्या वरचं एस्टिमेट पुरे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग, कंट्रोल युनिट, सीट, गालिचा, एअरबॅग असं सगळं नवं घालायचं म्हटलं तर हा आकडा सहज ओलांडला जातो. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावात निघते. ती घेणारा नवं काहीच घालत नाही. वायरिंग उन्हात वाळवतो, गालिचा धुतो, इंजिन खोलून साफ करतो आणि दूरच्या जिल्ह्यात, जिथे पूर कोणाच्या लक्षात नाही तिथे, नेऊन विकतो. अशा गाडीत लगेच काही बिघडत नाही. दिवे लागतात, एसी गार हवा देतो. वायरींच्या जोडांवर आतून हिरवट गंज चढत राहतो. सहा-आठ महिन्यांनी एक दिवस काच खाली येत नाही, मग भर रस्त्यात इंजिन बंद पडतं. सगळ्यात वाईट म्हणजे अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा उरत नाही.

असल्या गाडीपायी मी स्वतः पोळलो आहे. एका विक्रेत्याने 'डॉक्टरांची गाडी, एकहाती' म्हणून दिलेली हॅचबॅक पहिल्या पावसाळ्यात कुबट वास मारायला लागली. मी दोनदा आतून ड्रायक्लीन करून घेतली, कापराच्या वड्या ठेवल्या. वास सीटच्या स्पंजातून येत होता. स्पंज एकदा गढूळ पाणी प्यायला की वरून कितीही धुवा, दमट हवेत तो वास परत येतो. तेव्हा मला सीटबेल्टची युक्ती ठाऊक नव्हती, ती या लातूरच्या मुलाने शिकवली. बेल्ट एरवी ओढतो तेवढाच ओढू नका, थांबेल तिथपर्यंत पूर्ण बाहेर काढा. गुंडाळीतला शेवटचा हात-दीड हात सहसा कोणी धुवत नाही. पुराची गाडी असेल तर तिथे मातकट रेघ असते, तलावाच्या काठावर असते तशी. मग स्टेपनी उचलून तिच्याखालचा खड्डा बघायचा आणि सीटखालच्या बोल्टांवर गंज आहे का ते. पाच वर्षांच्या, सावलीत उभ्या राहिलेल्या गाडीत सीटखाली गंज यायला काही कारण नसतं.

विकणाऱ्याला गाडीचं सगळं ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, यातून सबंध बाजार कसा खराब होतो हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये एका लेखात दाखवलं. त्याचं उदाहरण जुन्या गाड्यांचंच होतं. चांगली आणि खराब गाडी घेणाऱ्याला वेगळी ओळखता येत नाही, म्हणून तो दोन्हींच्या मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणाऱ्याला परवडत नाही, तो गाडी घरीच ठेवतो. बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, हे घेणाऱ्याला कळतं, तो आणखी कमी देतो, आणि चांगल्या गाड्या आणखी मागे हटतात. हा लेख तीन नियतकालिकांनी नाकारला होता. 2001 मध्ये अकरलॉफला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. 1967-68 मध्ये तो वर्षभर दिल्लीत राहिला होता, आणि त्याच लेखात त्याने भारतातल्या सावकारीचाही विचार केला आहे. गावातला सावकार इतकं व्याज लावू शकतो, कारण कोण पैसे फेडेल हे त्याला ठाऊक असतं. बाहेरच्याला ते ठाऊक नसतं. अकरलॉफच्या लेखातली किंमत पाडणारी ती अनिश्चितता मला यार्डात रोज ऐकू येते. "माझी गाडी खरंच चांगली आहे हो, पण कोणी भाव देत नाही," असं म्हणणारा निवृत्त शिक्षक खरंच बोलत असतो. मग तो गाडी भाच्याला देऊन टाकतो. चांगल्या गाड्या ओळखीतच का विकल्या जातात, याचं उत्तर इथे आहे.

मीटरचं थोडक्यात सांगतो. जुन्या गाड्यांत मीटर केबलने फिरायचा आणि मागे करायचा म्हणजे तो खोलावा लागायचा. डिजिटल मीटरमध्ये आकडा एका छोट्या चिपमध्ये असतो, लॅपटॉप जोडून तो बदलता येतो. आकडा बदलतो, रबर बदलत नाही. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं कातडं चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चढता-उतरता दबलेली, आणि मीटरवर 28 हजार, हे जमत नाही. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी 2019 ची, चारही टायर 2022 चे आणि मीटर 28 हजारांचा असेल तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले हे विचारावं. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. आणि ग्लोव्ह बॉक्स धुण्याआधी हाती लागला तर त्यातली जुनी बिलं वाचावीत. ऑइल बदललं त्या दिवसाचे किलोमीटर त्यांवर लिहिलेले असतात.

भाड्याच्या गाड्यांबद्दल लोकांच्या मनात जी अढी आहे ती मला पूर्ण बरोबर वाटत नाही. गोव्याच्या विमानतळाबाहेर दिसणारी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी म्हणजे 'रेंट-अ-कॅब', स्वतः चालवायला मिळणारी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे चालकासह टॅक्सी. रेंट-अ-कॅबची योजना 1989 ची आहे आणि तिच्या परवान्यासाठी किमान 50 गाड्या लागतात. अशी गाडी वर्षाला कितीतरी हातांतून जाते. कोणी क्लचवर पाय ठेवून घाट चढतं, कोणी वाळूत चाकं रुतवून रेस देतं. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ती धुवायला जेमतेम तास-दोन तास मिळतात, त्यामुळे आतल्या कोपऱ्यांत वाळू साठत जाते. हे सगळं खरं. पण परवान्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला आरटीओत अशी तपासणी पहिल्यांदा होते ती पंधरा वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. ब्रेक शेवटचे कधी तपासले हे न आठवणारे घरचे मालक मी खूप पाहिले आहेत. तेव्हा भाड्याची गाडी भाड्याची म्हणून, त्या किमतीला, नोंदी बघून घेतली तर व्यवहार वाईट नाही. वाईट आहे ते परवाना जमा करून पाटी पांढरी केली की 'फॅमिली यूज' म्हणून विकणं.

याच्या उलटही चालतं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीवर भाड्याने देतात, गोव्यात तर सर्रास. घेणाऱ्याला ती स्वस्त पडते. पण खासगी विम्यात भाड्याने दिलेल्या गाडीचं नुकसान बसत नाही, कंपनी दावा नाकारू शकते. सुट्टीवर आलेल्या पोरांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

धुण्याने न जाणारी एक गोष्ट गाडीवर राहते, ती म्हणजे मालकाचं नाव. यार्डात 'टीटी' म्हणतात तो नावबदलीच्या फॉर्मचा संच असतो: 29 नंबरचा फॉर्म दोन प्रतींत आणि 30 नंबरचा. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची. प्रत्यक्षात सही केलेले कोरे टीटी पाकिटात घालून गाडी तीन-तीन हात फिरते. विकणाऱ्याला वाटतं आपण सुटलो. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात गाडी अशीच कागदाविना हातोहात गेली होती. मूळ मालकाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने ती 2007 मध्येच विकली होती, अपघात झाला 2009 मध्ये. न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, कायद्याने तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत होण्याची सोय केली. मालकाने अशा व्यापाऱ्याकडे गाडी दिल्याचं रीतसर कळवलं की विकली जाईपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. सोय चांगली आहे. तरी गाडी दिल्यानंतर महिन्याने ती कोणाच्या नावावर आहे हे परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः बघणं मी सोडलेलं नाही. फास्टॅग बंद केला का तेही बघावं, नाहीतर दुसऱ्याचा टोल आपल्या खात्यातून जातो. विम्याचा नो क्लेम बोनसही गाडीचा नसून माणसाचा असतो. पाच वर्षं दावा न करता मिळवलेली 50 टक्क्यांची सूट नव्या गाडीवर नेता येते, आणि हे ठाऊक नसल्याने लोक ती सोडून देतात.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा यार्डात गेलो. पितृपक्षात धंदा थंड असतो, गाडी कोणी उचलत नाही. तो संपला की नव्या गाड्या घेणारे आपल्या जुन्या गाड्या आणून लावतात, त्यामुळे अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मुलगा एका करड्या सेदानमध्ये वाकून डॅशबोर्डवरचा गणपती काढत होता. मूर्ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घट्ट बसलेली. टेपखाली त्याने बारीक दोरा घातला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत मूर्ती न दुखावता सोडवली. खाली डॅशबोर्डचा मूळ काळा रंग अंगठ्याएवढा शिल्लक होता, बाकी सगळा उन्हाने विटलेला. मूर्ती त्याने ऑफिसच्या फळीवर ठेवली. तिथे आधीचे नऊ-दहा गणपती, दोन स्वामी समर्थ, एक मेरीमाता आणि 786 लिहिलेली एक पितळी चकती होती. शेजारच्या बरणीत नाणी, रबरबँड, एका लहान मुलाचा दुधाचा दात कागदात गुंडाळून.

"हे कोणी न्यायला येतं का?" मी विचारलं.

"दाताची ताई येणारेय. फोन आला होता मालकांना," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीचे मॅट उचलायला गेला. गाडी अजून धुतलेली नव्हती. त्याने ड्रायव्हरची सीट मागे ढकलली, रुळांतून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं.

"बघा," तो म्हणाला. "शेंगांची टरफलं."